कुंडीतला वाटाणा

गोव्यातल्या घरांत मुगागाठी करायच्या ठरल्या की मूग भिजत पडतात, निथळतात आणि फडक्यात बांधून ठेवले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फडके सोडले की पांढरेशुभ्र मोड आलेले असतात. मोड आले हे सगळे पाहतात, ते येताना मात्र कोणीच पाहिलेले नसते. वाढीची गती इतकी मंद असते की माणसाच्या डोळ्याला ती दिसतच नाही, आणि दाणा इतका लहान असतो की त्याच्याकडे टक लावून पाहण्याची आवश्यकताही कोणाला वाटत नाही.

1912 साली मुंबईच्या दादर भागात राहणाऱ्या एका बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना ती वाटली. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या दाण्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यातून तयार झालेली चित्रफीत जेमतेम मिनिटभराची होती. परंतु त्या मिनिटाने त्यांच्या पुढच्या आयुष्याची आणि भारतीय चित्रपटाचीही दिशा निश्चित केली. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे त्यांचे नाव.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हा दादासाहेबांच्या नावाचा उच्चार अपरिहार्यपणे होतो. तो होतो मुख्यतः 'राजा हरिश्चंद्र'च्या संदर्भात. वाटाण्याच्या रोपाची आठवण निघालीच तर एका ओळीत उरकते. वस्तुतः दादासाहेबांच्या स्वभावाची खरी ओळख त्या कुंडीपाशीच होते. लहानात लहान वस्तूजवळ जाणे, तिच्यापाशी थांबणे आणि तिने स्वतःहून काही दाखवेपर्यंत न हलणे, हा त्यांच्या सगळ्या उद्योगांमागचा स्थायीभाव होता. त्याची किंमतही त्यांनी मोजली. आधी डोळ्यांनी, मग पैशाने.

शास्त्रीबुवांचा मुलगा

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे संस्कृतचे जाणकार. दाजीशास्त्री या नावाने ते ओळखले जात. घरात पोथ्या, पाठांतर आणि पूजाअर्चा. शास्त्रीबुवांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजाचा ओढा मात्र पोथीपेक्षा चित्राकडे होता. 1885 साली त्याने जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तिथला चित्रकलेचा अभ्यासक्रम संपवून तो थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्यास गेला आणि तिथल्या कलाभवनात दाखल झाला.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालील ही संस्था त्या काळी आगळी होती. कला आणि कारागिरी यांच्यात तिथे भिंत नव्हती. रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे तिचे चालक. रंगचित्र काढणारा विद्यार्थी तिथे साचे ओतायलाही शिके आणि इमारतीचे आराखडेही काढी. धुंडिराजाने तैलचित्रे व जलरंगचित्रे यांचे शिक्षण 1890 मध्ये पूर्ण केले आणि त्याच सुमारास कॅमेरा हाती घेतला. छायाचित्र टिपण्यात त्याला रस होताच. त्याहून अधिक रस काच धुण्यात, रसायने कालवण्यात आणि अंधाऱ्या खोलीत कागदावर प्रतिमा उमटवण्यात होता. 1892 साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याने केलेल्या आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. मोठी वास्तू लहान करून दाखवणारे हे काम होते. लहान वस्तू मोठी करून दाखवण्याचे काम पुढे यायचे होते.

ठिपक्यांची शाळा

गज्जर यांनी या विद्यार्थ्याची चमक हेरली आणि छपाईचे ठसे बनवण्याची विद्या शिकण्यासाठी त्याला रतलामला धाडले. आज मध्य प्रदेशात असलेल्या या गावी त्याने तीन रंगांचे ठसे, शिळाछाप आणि अंधाऱ्या खोलीतील छपाई यांचे धडे घेतले. चरित्रलेखनात हा प्रसंग सहसा ओझरता येतो. पुढच्या फाळक्यांना समजून घ्यायचे तर मात्र तिथे थांबणे भाग आहे.

छापील पानावरचे छायाचित्र दुरून सलग दिसते. करड्या रंगाच्या छटा एकमेकींत विरघळल्यासारख्या वाटतात. भिंग लावून पाहिले की ती सलगता नाहीशी होते. तिथे असतात फक्त ठिपके. काळोख्या भागात मोठे, उजेडाच्या भागात बारीक. मूळ चित्राचा फोटो घेताना मध्ये बारीक रेषांची जाळी कोरलेली काच ठेवली जाते. चांगल्या छपाईसाठी एका इंचात शंभराहून अधिक रेषा असलेली काच लागे. त्या जाळीतून आलेला उजेड ठिपक्यांत विभागला जाई आणि तो ठसा धातूच्या पत्र्यावर उतरे. तीन रंगांची छपाई असेल तर असे तीन ठसे, आणि तिन्ही कागदावर एकमेकांवर तंतोतंत बसायला हवेत. केसभर जरी सरकले तरी चेहऱ्याला दोन कडा येतात.

हे काम करणाऱ्याचा दिवस भिंगाखाली जातो. ठिपका नीट उठला की नाही, आम्लाने धातू अधिक खाल्ला की कमी, दोन ठिपके एकमेकांना चिकटले का, हे त्याला डोळ्यांनी पारखावे लागते. शिवाय ठसे काढण्याचा कॅमेरा हा निसर्गदृश्ये टिपणारा कॅमेरा नव्हे. वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी, कधी त्याहून मोठी टिपण्यासाठीच तो बांधलेला असतो. आज ज्याला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात, त्याचे व्याकरण दादासाहेब विसाव्या-बाविसाव्या वर्षी असे पोटापाण्याची विद्या म्हणून शिकले.

गोध्र्यातील दिवस

1895 साली त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला.  कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढणाऱ्याचे आयुष्य घटते, असा समज त्या काळी लोकांत होता. ज्या यंत्राच्या पोटात काय चालते हे कोणी पाहिलेले नाही, त्याचे भय वाटणे स्वाभाविकच होते. पुढे प्लेगची साथ आली आणि 1900 साली त्या साथीत त्यांची पत्नी व मूल दोघेही गेले. तिशीतल्या फाळक्यांनी गोध्रा सोडले आणि ते बडोद्यास परतले.

बडोद्यात छायाचित्रांना गिऱ्हाईक मिळेना. त्या पडत्या काळात एका परदेशी जादूगाराशी त्यांची गाठ पडली आणि ते हातचलाखी शिकले. आडनावातील अक्षरे उलटी करून प्रोफेसर केल्फा हे नाव त्यांनी घेतले आणि जादूचे प्रयोगही केले. हा वरवर पाहता आडरस्ता होता. परंतु जादूगाराची सामग्री ती कोणती? नाणे, रुमाल, काडी. रोजच्या वापरातली, कोणाच्याही खिशात सापडणारी वस्तू प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर अशी धरायची की तिच्याकडे आजवर आपण पाहिलेच नव्हते असे त्यांना वाटावे. हे गमक पुढे त्यांच्या फार उपयोगी पडले.

1902 मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळींशी नाते असलेल्या करंदीकर घराण्यातील गिरिजा ही वधू. विवाहानंतर ती सरस्वतीबाई झाली. पुढल्या वर्षी फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. नोकरी सरकारी होती आणि पगार बांधलेला होता. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट उसळली आणि 1906 मध्ये त्यांनी राजीनामा देऊन लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी शिळाछापाचे काम केले. पुढे हा छापखाना दादरला आला, नवे भागीदार आले आणि त्याचे नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी 1909 मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. छापखान्याची भरभराट झाली, आणि भागीदारांशी बिनसल्यावर त्याच भरभराटीतून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

डोळ्यांची परीक्षा

चाळिशी उलटलेला, जमलेला धंदा सोडलेला, संसाराचा भार असलेला हा माणूस 1911च्या सुमारास मुंबईतील एका तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहायला बसला. पडद्यावर ख्रिस्ताचे प्रसंग सरकत असता त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील आपल्या लेखमालेत सांगितले आहे. आपले देव आपल्या पडद्यावर कधी येतील, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

पछाडले हा शब्द इथे अतिशयोक्तीचा नाही. मिळेल तो चित्रपट ते पाहू लागले. लहानसे यंत्र आणि फिल्मची रिळे विकत आणून मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडू लागले. दिवसाचे चार-पाच तास पडद्याकडे डोळे लावून बसायचे आणि उरलेला वेळ चौकटी निरखायच्या, असा क्रम चालला. फिल्मवरची एक चौकट जेमतेम इंचभर रुंद असते. तिच्यातील हालचाल समजून घ्यायची तर ती पुढच्या चौकटीशी, मग त्याच्या पुढच्या चौकटीशी ताडून पाहावी लागते. झोप अपुरी, उजेड अपुरा. अखेर डोळ्यांनी दगा दिला. काही काळ त्यांना दिसेनासेच झाले.

ज्याची सारी विद्या डोळ्यांत साठलेली आहे, त्याच्यावर आलेला हा प्रसंग होता. नेत्रवैद्य डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले. तीन-चार निरनिराळे चष्मे घेऊन का होईना, पण दृष्टी परत आली. ती परत येताच फाळक्यांनी पुन्हा तेच काम आरंभले. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि 1 फेब्रुवारी 1912 रोजी लंडनचा रस्ता धरला. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितीगृहात चित्रपट कसा घडतो हे त्यांनी पाहिले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा खरेदी केला, कच्ची फिल्म आणि तिला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवले. 1 एप्रिल रोजी ते मुंबईस परतले. मालमत्ता म्हणावी अशी त्यांच्यापाशी एवढीच होती. चित्रपट काढायला लागणारा पैसा अजून कुठेच नव्हता.

मिनिटभराची वेल

पैसेवाल्यांना पटवणे सोपे नव्हते. भारतात बसून, भारतीय माणसांच्या हातून चित्रपट तयार होऊ शकतो, यावर विश्वास कोण ठेवणार? फाळक्यांनी वाद घातला नाही. त्यांनी दादरच्या मथुरा भवनात कुंडीत वाटाणे पेरले.

या प्रयोगातील अडचणी कागदावर मांडल्या की त्याचे मोल कळते. पहिली अडचण जवळीकीची. भिंग वस्तूच्या जितके जवळ जाते, तितका फोकसचा पट्टा अरुंद होत जातो. दाण्याची पुढची बाजू स्पष्ट असेल तर मागची धूसर होते. प्रतिमा मूळ वस्तूएवढी टिपायची तर भिंग फिल्मपासून नेहमीच्या दुप्पट अंतरावर न्यावे लागते. तसे नेले की फिल्मवर पडणारा उजेड चौथाईवर येतो. ठसे बनवण्यात हात तयार झालेल्या माणसाला हे हिशोब तोंडपाठ होते.

दुसरी अडचण चौकटीची. दाणा आज मातीत आहे, पण महिन्याने तिथे वेल उभी राहणार आहे. कॅमेरा दाण्यावर रोखला तर वेल चौकटीबाहेर जाईल, वेलीपुरता मागे घेतला तर दाणा दिसणार नाही. जी वस्तू अजून अस्तित्वात नाही, तिच्यासाठी जागा आधी राखून ठेवावी लागते. तिसरी अडचण उजेडाची. विजेचे दिवे लावून चित्रण करण्याची सोय नव्हती. सूर्य सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे. ढग आला तर तेवढीच चौकट काळवंडणार आणि पडद्यावर चित्र लुकलुकणार.

चौथी अडचण फिल्मची, आणि इथे सरस्वतीबाईंचा हात लागतो. त्या वेळची कच्ची फिल्म छिद्रांविना येई. कडेची छिद्रे अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत. फाळक्यांनी हे काम पत्नीला शिकवले होते. छिद्र किंचित वाकडे पडले तरी चित्र पडद्यावर उडी मारते. एरवी चालत्या माणसाच्या चित्रात ती उडी कदाचित खपून जाईल. स्थिर कुंडीतल्या रोपट्याच्या चित्रात ती लपत नाही, कारण आजची चौकट आणि उद्याची चौकट यांच्यात कोंबाच्या वाढीखेरीज काहीही बदलता कामा नये. अंधारात पाडलेल्या त्या छिद्रांवर हा प्रयोग तोललेला होता.

पाचवी अडचण चिकाटीची. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चौकटी सरकत. म्हणजे मिनिटभराच्या चित्रासाठी साडेनऊशेच्या आसपास चौकटी हव्यात. महिनाभरावर त्या वाटल्या तर दिवसाला तीसेक येतात. रोज, न चुकता, कॅमेऱ्याला धक्का न लावता, कुंडी न हलवता, एक एक चौकट. संसारी माणसाच्या घरात, जिथे मुले खेळतात आणि पाहुणे येतात, तिथे एक कोपरा महिनाभर जागचा हलू न देणे ही साधी गोष्ट नव्हे.

मग तो दिवस आला. निवडक मंडळींना बोलावून चित्रफीत दाखवण्यात आली. पडद्यावर माती फुटली, कोंब वर आला, पाने उलगडली आणि वेल आधार शोधत चढू लागली. महिन्याचा काळ मिनिटात मावला. पाहणाऱ्यांपैकी प्रत्येकाने आयुष्यभर वाटाणे खाल्ले होते. वाटाणा असा वाढतो हे मात्र कोणीच पाहिले नव्हते. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांच्यासारख्यांनी कर्ज देण्याची तयारी दाखवली. 'अंकुराची वाढ' या नावाने ही चित्रफीत ओळखली जाते.

जगात असे प्रयत्न इतरत्रही चालले होते. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोपांच्या हालचाली अशाच टिपल्या होत्या. इंग्लंडमध्ये मार्टिन डंकन यांनी 1903 साली चीजमधल्या सूक्ष्म किड्यांचे चित्रण दाखवून प्रेक्षकांना शहारे आणले होते, आणि पर्सी स्मिथ यांनी 1910 मध्ये फुलांच्या उमलण्याचा चित्रपट केला होता. याच काळात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस वनस्पतींच्या संवेदना मोजण्यात गढले होते. फेफर आणि बोस यांच्यामागे प्रयोगशाळा होत्या, डंकन आणि स्मिथ यांच्यामागे चित्रसंस्था. फाळक्यांच्या मागे तारण पडलेल्या पॉलिसी आणि डोळ्यांवरचे नवे चष्मे होते.

नाणी आणि आगकाड्या

पुढची कथा सर्वज्ञात आहे. सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्यांनी फिल्मला छिद्रे पाडली, रसायने कालवली, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरल्या आणि कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांना रांधून वाढले. स्त्रीभूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्याची लांबी होती 3,700 फूट. वाटाण्याची मिनिटभराची चित्रफीत साठ फुटांच्या आसपास भरते. त्या साठ फुटांच्या बळावर हे 3,700 फूट उभे राहिले.

यशानंतर फाळक्यांनी आपला संसार व कंपनी नाशिकला हलवली. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट आले. 1914 मध्ये चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथे त्यांची वाखाणणी झाली. परंतु त्याच वर्षी महायुद्ध पेटले, पैसा आटला आणि परदेशातून येणारी कच्ची फिल्म दुर्मीळ झाली.

अशा टंचाईच्या दिवसांत दुसरा कोणी हातावर हात ठेवून बसला असता. दादासाहेब पुन्हा लहान वस्तूंकडे वळले. 'आगकाड्यांची मौज' या छोट्या चित्रपटात त्यांनी काडेपेटीतल्या काड्या नाचवल्या. काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची, पुन्हा टिपायची. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी 1908 साली काड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता; भारतात ही वाट फाळक्यांनी पाडली. 'लक्ष्मीचा गालिचा' या चित्रफितीत नाण्यांच्या करामती होत्या. प्रोफेसर केल्फाची नाणी आणि काड्या आता कॅमेऱ्यापुढे आल्या होत्या.

वाटाण्याच्या आणि काड्यांच्या चित्रणात तंत्र एकच, तरी दोहोंत एक मोठा भेद आहे. वाटाणा स्वतः वाढतो. तिथे छायाचित्रकाराने फक्त थांबायचे असते. काडी स्वतः हलत नाही. तिथे प्रत्येक हालचाल छायाचित्रकाराच्या बोटांतून यावी लागते. पहिल्या प्रयोगात फाळक्यांनी निसर्गाची मंद गती डोळ्यांना दिसेल अशी केली, दुसऱ्यात निर्जीव वस्तूला गती दिली. पुढे 'लंकादहन'मध्ये मारुती उडाला आणि 'कालिया मर्दन'मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण होऊन नागाच्या फण्यावर नाचली, तेव्हा प्रेक्षकांनी हात जोडले. त्या चमत्कारांचा सराव काड्यांवर झालेला होता.

आपली विद्या झाकून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक माहितीपट त्यांनी 1917च्या सुमारास काढला. कॅमेरा आयुष्य शोषून घेतो म्हणून लोक दूर पळाले होते. त्या भयावर त्यांना सुचलेला उपाय एकच, यंत्राचे पोट उघडून दाखवणे.

शेवटची रिळे

1918 साली मुंबईतील धनिकांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पैशाची चिंता मिटली, पण स्वातंत्र्य गेले. खर्च किती, दिवस किती, हे आता दुसरे विचारू लागले. एका रोपट्यासाठी महिना देणाऱ्या माणसाला हा जाच सोसणे कठीण होते. खटके उडाले. दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले, तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, काही काळाने पुन्हा कंपनीत परतले. पण पूर्वीचे सूर जुळले नाहीत.

काळही बदलला. 1931 मध्ये चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. 1937 साली कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला. तोच शेवटचा. त्यांच्या नावावर पंचाण्णवच्या आसपास चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट सांगितले जातात. एवढे करून शेवटच्या वर्षांत हाती फारसे काही उरले नव्हते. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी चित्रपटाचा धंदा प्रचंड वाढला होता, आणि त्या धंद्याला त्यांची आठवण राहिलेली नव्हती. त्यांच्या नावाचा सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला तो 1969 साली, निधनानंतर पंचवीस वर्षांनी.

आज भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातही जवळून टिपण्याची सोय असते. मुंगीची मिशी, शर्टाच्या बटणाची शिवण, मिठाचा खडा बोटाच्या एका स्पर्शात पडदाभर होतात. रोपट्याची वाढ मिनिटात दाखवण्याची युक्तीही त्याच यंत्रात असते. फाळक्यांनी ज्या अडचणी एकेक करून सोडवल्या, त्यातल्या बहुतेक आता यंत्रच सोडवते. महिनाभर कुंडी न हलवण्याची जबाबदारी मात्र अजूनही माणसाचीच आहे.

दादासाहेबांच्या चित्रपटांतील फार थोडी रिळे आज शिल्लक आहेत. जी आहेत ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहेत. त्यांत हरिश्चंद्र आहे, कालियाच्या फण्यावरचा कृष्ण आहे. आगकाड्या नाहीत. आणि दादरच्या घरात, एका चष्मा लावलेल्या माणसासमोर रोज थोडी थोडी वर येणारी ती वाटाण्याची वेलही नाही. तिला जामीन ठेवून जो पैसा उभा राहिला, त्या पैशाचा हरिश्चंद्र तेवढा उरला आहे.